बाजेवर बसून वर्ल्ड कप कसा जिंकावा

जगात जर्मनी, भारतात परभणी, हे तर तुम्हाला पाठ आहेच. पण पुढचं कुणी सांगत नाही. पुरुषांच्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपाला जर्मनी आजवर एकदाही पोचलेली नाही, आणि परभणीने 2007 पासून एकही स्पर्धा चुकवलेली नाही. बाजेवर बसून पोचली, पारावरच्या हॉटेलातल्या बाकड्यावर बसून पोचली, विजेची डीपी जळालेली असताना ट्रॅक्टरच्या बॅटरीवर टीव्ही लावून पोचली. तेव्हा पुढच्या खेपेला तुम्हालाही कप जिंकायचा असेल तर आमच्या गावचा अनुभव ऐकून घ्या. सल्ला फुकट आहे, चहा तेवढा तुम्ही सांगा.

सगळ्यात आधी जागा धरा. मैदानातल्या अकरा जणांच्या जागा कर्णधार बदलत असतो. तुमची जागा बदलायची नाही, कारण सामना तिथून चालतो. आमचे अप्पा 24 सप्टेंबर 2007 ला दाराजवळच्या लाकडी खुर्चीत बसले होते. जोहान्सबर्गला पाकिस्तानला शेवटच्या षटकात 13 हव्या होत्या, धोनीने चेंडू दिला जोगिंदर शर्माच्या हातात, मिसबाहने एक षटकार ठोकला. 4 चेंडूंत 6 उरल्या, तेव्हा अप्पांनी डावा पाय उचलून उजव्यावर टाकला. पुढच्याच चेंडूला मिसबाहला मागे उचलून मारायची बुद्धी झाली आणि श्रीशांतने झेल घेतला. 5 धावांनी कप आपला. श्रीशांतचा फोटो पेपरात आला. पायाबद्दल एक ओळ नाही. अप्पांनी मनाला लावून घेतलं नाही, पण तेव्हापासून ती खुर्ची दुसऱ्या कुणाला मिळत नाही.

एकदाच मिळाली. 2014 च्या मिरपूरच्या फायनलला धाकटे मामा मुक्कामी होते, आणि पाहुण्याला खाली कसं बसवायचं म्हणून अप्पा उठले. युवराजने 21 चेंडूंत 11 धावा केल्या आणि श्रीलंका कप घेऊन गेली. लोकांनी युवराजच्या घरावर दगड मारले. मामांच्या घरावर कुणी साधा खडा मारला नाही. याला न्याय म्हणायचं.

पुढे 2021 ला दुबईत पाकिस्तानने आपल्याला 10 गडी राखून हरवलं, आणि 2022 च्या सेमीफायनलला ॲडिलेडमध्ये इंग्लंडने तेच केलं. दोन्हीदा समोरचा एकही गडी पडला नाही. याची चौकशी आमच्या ओसरीत महिनाभर चालली. पहिल्या वेळी खुर्चीवर नवी उशी होती असं निष्पन्न झालं. दुसऱ्या वेळी वहिनीने झाडून काढताना खुर्ची वीतभर सरकवली होती. गोलंदाजीवर बोलायला वेळच उरला नाही.

जागा पक्की झाली की कानाकडे लक्ष द्या. पारावरच्या हॉटेलात डिश आहे, पुतण्या मोबाइलवर बघतो, आणि मोबाइल हॉटेलाच्या अर्धा मिनिट मागे असतो. म्हणजे गडी बाद झाल्याची बोंब आधी येते आणि चेंडू नंतर पडतो. शहरातल्या लोकांची यावर फार चिडचिड होते म्हणे. आम्हाला सवय आहे. सोयाबीनचा भाव पडतो तेव्हाही आधी बोंबच येते, आकडा मागून कळतो.

आता पाऊस. सामना चालू असताना पाऊस आला तर घाबरून चॅनल बदलू नका, उलट नीट बघा, शिकण्यासारखं आहे. फ्रँक डकवर्थ आणि टोनी लुईस या दोन इंग्रजांनी त्याचं गणित बसवलं. 1997 पासून ते वापरात आहे. पुढे स्टर्न नावाचे प्राध्यापक त्यात सामील झाले, म्हणून आता डकवर्थ-लुईस-स्टर्न म्हणायचं. हातात षटकं किती उरली आणि गडी किती उरले, या दोन गोष्टींवरून पावसाने कुणाचं किती नुकसान केलं ते काढतात, आणि मैदानावरची ताडपत्री निघायच्या आत नवा आकडा फळ्यावर लागतो. टी-ट्वेंटीत साधारणपणे दोन्ही बाजूंना निदान पाच-पाच षटकं मिळाली की निकाल पक्का.

हे सगळं मी एकदा पारावर समजावून सांगितलं. शेजारचे तात्या बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजी पाऊस पडला की त्यांचं नुकसान लगेच काढतेत?"

"हो."

"पंचनामा?"

"नाही."

"फोटू?"

"नाही लागत."

"बहात्तर घंट्यांत कळवावं लागत नाही?"

"नाही तात्या."

"आन् तलाठी?"

"तलाठी कशाला येईल तिथं?"

तात्यांनी तंबाखू मळली, चुना झटकला. "मंग खोटं आसल ते," म्हणाले.

असा माणूस शेजारी घेऊन सामना बघू नका, रंगाचा बेरंग होतो. तात्यांना मी सांगायला गेलो की आपल्याकडेही गणित आहेच की. पैसेवारी आहे, म्हणजे रुपयात किती पैसे पीक आलं त्याचा सरकारी आकडा. 50 पैशांच्या आत आली तर दुष्काळ, वर गेली तर सुगी, इतकं सोपं. आधी नजर पैसेवारी, मग सुधारित, मग अंतिम. फरक एवढाच की डकवर्थ साहेबांचा आकडा येईपर्यंत खेळाडूंचा चहा संपत नाही, आणि आपला अंतिम आकडा येईपर्यंत पाण्यात गेलेलं सोयाबीन मोडून त्याच रानात हरभरा उगवून आलेला असतो. तिकडे दोन षटकांमध्ये साठ सेकंदांहून जास्त वेळ लावला तर आधी ताकीद मिळते आणि मग पाच धावांचा दंड. हे घड्याळ तहसीलमध्ये लावलं तर काय होईल असं तात्यांनी विचारलं. मी म्हटलं, घड्याळ बंद पडेल.

डकवर्थ साहेबांना एकदा परभणीला बोलवावं असं अप्पांच्या मनात होतं. आता ते होणे नाही. 2024 च्या जूनमध्ये, वर्ल्ड कप चालू असतानाच साहेब गेले. पारावर आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो. तात्याही उभे राहिले. "माणूस हुशार व्हता," म्हणाले. "आपल्याकडं जल्मला आसता तर इमा कंपनीनं पळवला आसता."

पाण्याचा विषय मात्र वर्ल्ड कपात काढायचा नाही, हा नियमच करा. 2016 ची फायनल आठवा. 3 एप्रिल, कोलकाता, वेस्ट इंडिजला शेवटच्या षटकात 19 हव्यात आणि ब्रेथवेटने स्टोक्सला लागोपाठ चार षटकार मारले. नऊ दिवसांनी, 12 एप्रिलला, मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. माझी थोरली बहीण लातूरला दिलेली. ती घागरी घेऊन टँकरच्या रांगेत होती, आणि भावजी रांगेतूनच फोन करून मला विचारत होते की स्टोक्सने एकसुद्धा यॉर्कर का टाकला नाही. याला म्हणतात खेळाडूवृत्ती. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने दुष्काळामुळे 30 एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले, तेव्हा भावजींना फार वाईट वाटलं. आता लातूरला एकही सामना होणार नव्हता, त्यामुळे लातूरचं काय गेलं हे मला अजून कळलेलं नाही. पण वाईट वाटायला काही जावं लागत नाही.

पोरांना सामने बघू द्या, भूगोल पक्का होतो. 2024 ला वीस देश होते. लॉकी फर्ग्युसनने पापुआ न्यू गिनीविरुद्ध चार षटकं टाकली, चारही निर्धाव, बळी तीन. हे पुतण्या झोपेतून उठवला तरी सांगतो. आपल्या शेताचा गट नंबर विचारला तर म्हणतो, "काका, थांबा, अप्पांना फोन लावतो." हाच पुतण्या 49 रुपयांत टीम लावून कोटी रुपये आणायच्या मार्गावर होता. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून पैसे लावायचे ऑनलाइन खेळ बंद केले, त्या दिवशी तो जेवला नाही. "कष्टाला किंमत नाही राहिली," म्हणाला.

पोरगा बघणारा नको, खेळणारा पाहिजे असेल तर बारशालाच काळजी घ्या. बीडच्या सचिन धसचं नाव वडिलांनी तेंडुलकरवरून ठेवलं, आणि 2024 च्या 19 वर्षांखालच्या वर्ल्ड कपाच्या सेमीफायनलला, 4 बाद 32 अशी अवस्था असताना, त्या पोराने 96 काढल्या. (ती स्पर्धा 50 षटकांची होती, त्यामुळे पारावर तिची अर्धीच दखल घेतली गेली. एवढा वेळ कुणाला आहे? माणसं दुपारभर पारावर बसलेली असतात.) हे कळल्यावर आमच्या गावात तीन सचिन निघाले. एक हॉटेलात कपबशा विसळतो, एक ग्रामपंचायतीची मोटर चालूबंद करतो, तिसऱ्याचा पत्ता लागत नाही. नुसत्या नावावर काम भागत नाही असं बीडचे लोक सांगतात. वडिलांनी पोराला लहानपणापासून मैदानावर नेलं पाहिजे म्हणतात. पण तो उपाय फार कष्टाचा आहे, म्हणून मी सुचवणार नाही.

त्यापेक्षा इंजिनिअर करा. मुंबईचा सौरभ नेत्रावळकर अमेरिकेत शिकायला गेला, तिथेच सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागला, आणि 2024 ला डलासमध्ये अमेरिकेकडून सुपर ओव्हर टाकून पाकिस्तानला हरवून आला. आमच्या तालुक्यातले इंजिनिअर पुण्याला गेलेत. ते दिवाळीला येतात, पण अजून कुणाला हरवून आलेले नाहीत.

आता मुख्य धडा, आणि हा मी स्वतःच्या अंगावर काढलेला आहे. 29 जून 2024, बार्बाडोस, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध फायनल. ओसरीत तीस माणसं. क्लासेनने अक्षर पटेलचं षटक असं फोडलं की 24 निघाल्या, आणि 30 चेंडूंत 30 एवढंच राहिलं. अप्पांनी डावा पाय उजव्यावर टाकला. काही झालं नाही. उजवा डाव्यावर टाकून बघितला. मग त्यांची नजर सगळ्या ओसरीवरून फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली.

"तू कव्हा आलास रे?"

"इथंच होतो. पाणी प्यायला उठलतो."

"काहून उठलास?" ओसरी चिडीचूप झाली. माझ्या पायांकडे बघून अप्पा म्हणाले, "जा, म्हैस बघून ये."

"म्हशीला काय झालं?"

"म्हशीला काई झालं नाही. तू जा."

तेव्हा मंडळी, बाहेर घालवलं तर वाद घालू नका. मी गोठ्यात गेलो. बुमराच्या षटकात चारच धावा निघाल्या, हे मला आतल्या शांततेवरून कळलं. मग हार्दिकच्या पहिल्याच चेंडूला क्लासेन गेला. अशी आरोळी उठली की मी पळतच दाराकडे निघालो. खिडकीतून अप्पांचा आवाज आला, "तितंच थांब! पाय उचलू नको!"

उचलला नाही. चिखल होता, डास होते, म्हैस माझ्याकडे बघत होती. आतून आवाज येत होते त्यावरून मी सामना लावत गेलो. छोटी आरोळी म्हणजे निर्धाव चेंडू, मोठी म्हणजे यान्सनचा त्रिफळा, बायकांचा आवाज आला म्हणजे स्कोअर चुकीचा ऐकला. 6 चेंडूंत 16 उरल्या तेव्हा सगळं गाव गप्प झालं. आणि मग जो गलका उठला, त्याने म्हैस उभी राहिली. सीमारेषेवरचा सूर्यकुमारचा तो झेल मी रात्री एक वाजता पुतण्याच्या मोबाइलवर बघितला. दोरीच्या आत धरला, हवेत उडवला, बाहेर जाऊन परत आत येऊन धरला. चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. पण तो झेल चालू होता तेव्हा माझ्या हातात म्हशीचं दावं होतं आणि मी ते सोडलं नव्हतं, याची नोंद कुठेतरी व्हायला पाहिजे.

सात धावांनी जिंकलो. क्रिकेट बोर्डाने 125 कोटींचं बक्षीस जाहीर केलं. ते खेळाडूंना, प्रशिक्षकांना, निवड समितीला, सगळ्यांना जाणार होतं. अप्पांचं म्हणणं, राखीव खेळाडूंत आपलं नाव असणारच. म्हणून मी दर पंधरा दिवसांनी बँकेत जाऊन पासबुक छापून आणतो. मागच्या खेपेला नवी एन्ट्री दिसली, छातीत धस्स झालं. बाहेर उजेडात येऊन नीट बघितलं. एसएमएसचा चार्ज, 17 रुपये 70 पैसे, वजा.

तात्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पासबुक मागूनपुढून बघितलं आणि परत दिलं.

"घाई करू नको," म्हणाले. "आता कुठं नजर पैसेवारी झाली आसल. अंतिम यायचीय."