ब्रास हे खडी-मुरूम मोजायचं माप. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. शंभर!

घरापुढे खडी टाकायची एवढंच काम होतं. त्यात माझं डोकं इतकं तापलंय की हे लिहिल्याशिवाय आज झोप लागणार नाही.

साताऱ्याजवळ आमचं घर आहे. पुढे काळ्या मातीचं अंगण, चाळीस फूट बाय पंधरा. पावसाळ्यात त्याचा नुसता राडा होतो. गेल्या वर्षी आई तुळशीला पाणी घालायला गेली आणि घसरून पडली. मनगट मोडलं, दीड महिना हात गळ्यात. म्हणून यंदा मृगाच्या आत अंगण बांधून घ्यायचं ठरवलं. खाली मुरूम, वर वीस एमएमची काळी खडी.

हिशेब काही अवघड नाही. चाळीस गुणिले पंधरा म्हणजे ६०० चौरस फूट. तीन इंच थर म्हणजे पाव फूट. ६०० चा पाव भाग १५०, म्हणजे दीड ब्रास खडी. काळी माती थोडी गिळणार, म्हणून मी दोन ब्रास सांगितली. मुरूम धुम्मस केल्यावर, म्हणजे ठोकून दाबल्यावर, बसतो, चार इंच टाकला तर जेमतेम तीन राहतो, म्हणून तोही चार इंचाच्या हिशेबाने दोन ब्रास. कागदावर मांडून, दोनदा तपासून ऑर्डर दिली. (नेटवरच्या कॅल्क्युलेटरच्या नादी लागू नका. त्यातली बरीचशी घनयार्डात उत्तर देतात, आणि इथे यार्डात कोण खडी विकतंय?)

मुरमाच्या दोन खेपा आल्या. त्याच ट्रॅक्टरने मग खडीची पहिली खेप आणली. मी आतून टेप घेऊन बाहेर येईपर्यंत दर वेळी ट्रॉली उचललेली! ढीग जमिनीवर पडला की मोजणार काय आणि कसं? चौथ्या खेपेला मात्र मी फाटकातच उभा राहिलो. आधी मोजू दे, मग ओत. ड्रायव्हर तोंड वाकडं करून उभा. हौदा मोजला. लांबी नऊ फूट, रुंदी साडेपाच, फाळक्याची, म्हणजे बाजूच्या फळीची, उंची दीड. करा गुणाकार. ७४.२५ घनफूट! तेही फाळक्याच्या काठापर्यंत भरलंय असं धरून.

म्हणजे मी पैसे मोजले चार ब्रासचे, ४०० घनफुटांचे, आणि दारात पडले २९७. एक अख्खा ब्रास गेला कुठे?

आणि नुसते पैसे गेले असते तर एक वेळ दात-ओठ खाऊन गप्प बसलो असतो. मुरूम चार इंच पडायचा तो तीनच इंच पडला होता, आणि ठोकल्यावर सव्वादोन उरला. आम्हाला पत्ताच नाही. वर खडी पसरली, मध्येच वळवाची एक जोरदार सर आली आणि खडी मातीत रुतायला लागली. फाटकाजवळचा आठ फुटांचा पट्टा तर उघडाच राहिला. नेमका तोच, जिथून आई येते-जाते.

पुरवठादाराला फोन केला. आकडे वाचून दाखवले. पलीकडून उत्तर काय, तर "साहेब, आपल्याकडं ट्रॉलीलाच ब्रास म्हणत्यात. समदेच असं देत्यात." समदेच देतात म्हणून ते बरोबर? सरकार रॉयल्टी घेतं ती ब्रासवर, बांधकामाच्या अंदाजपत्रकात ब्रास म्हणजे १०० घनफूट, फक्त माझ्या दारात आल्यावर तो ७४ चा होतो? दुसरं म्हणजे, खडी फोडतात त्या क्रशरवर ट्रॉली वजनकाट्यावर चढते, टनावर माल भरते. वीस एमएम खडीचा खरा ब्रास चार-साडेचार टनांच्या घरात जातो. म्हणजे नेमका किती माल उचलला ते त्यांच्या काट्याच्या पावतीवर असतंच. ती पावती गिऱ्हाइकाला का दाखवत नाहीत? मी मागितली, तर म्हणे ड्रायव्हरकडं राहिली. ड्रायव्हर म्हणे मालकाकडं.

भाजीवाल्या मावशीच्या काट्यावर सरकारच्या वैधमापन खात्याचा शिक्का लागतो. पेट्रोलच्या टँकरचं माप प्रमाणित केलेलं असतं. माझ्या दारात आलेल्या ट्रॉलीच्या हौद्यावर शिक्का सोडा, लांबी-रुंदी लिहिलेली एक पट्टीसुद्धा नव्हती. किलोभर वांग्यात पन्नास ग्रॅम कमी भरले तर आपण भांडतो, आणि इथे चौथा हिस्सा खाल्ला तरी "एवढं काय मोजताय" म्हणून मलाच ऐकवतात!

उरलेल्या पट्ट्याला हिशेबाने तीसच घनफूट खडी हवी होती. तीस! तर पुरवठादार म्हणे, अर्धी ट्रॉली मिळणार नाही, पूर्ण खेपच घ्यावी लागेल. दुसऱ्या दोघांना विचारलं, त्यांचंही तेच. पाऊस तोंडावर, आईला पुन्हा पडू द्यायचं नव्हतं, म्हणून पाचवी खेप घेतली. पुन्हा "एका ब्रास"चे पैसे मागितले. आता चाळीसेक घनफूट खडीचा ढीग फाटकाबाहेर पडलाय, शेजारी रोज गाडी काढताना बोलतात, आणि त्यांचं बोलणं चुकीचंही नाही. आधी कमी म्हणून त्रास, मग जास्त म्हणून त्रास, आणि दोन्हीचे पैसे माझ्याच खिशातून.

शेवटचे पैसे द्यायच्या आधी मी एकच अट घातली. पावतीवर घनफूट लिहा. हौद्याचं माप आणि एकूण घनफूट, दोन ओळी. तर पुरवठादार म्हणाला, असं आजवर कुणी मागितलं नाही. पावती दिलीच नाही. मीही त्या खेपेचे पैसे ७४ घनफुटांच्या हिशेबानेच दिले आणि उरलेल्या पैशांसाठी सांगितलं, आधी लिहून आण.