एक तारा देणाऱ्या ताईंना स्कॅन सेंटरच्या मालकाचं उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला, काल सकाळी पुन्हा वाचला. सेंटर माझं आणि रिपोर्टवरची सहीही माझीच, म्हणून उत्तर मीच लिहितोय. स्टाफला लिहायला लावलेलं नाही.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: भावाचं डोकं अचानक ठणकायला लागलं, उलट्या झाल्या, फिट आली, आणि तुम्ही त्याला आमच्याकडे आणलंत. आम्ही एकाच डोक्याचे दोनदा पैसे घेतले. त्याला घोटभर पाणी दिलं नाही. एमआरआय मशीन असून एमआरआय केला नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, आमच्या रिपोर्टात रक्तवाहिन्यांचा दोष दिसला नाही असं आलं आणि दोन महिन्यांनी पुण्यात जांघेतून अँजिओग्राफी केल्यावर एव्हीएम, म्हणजे मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचा गुंता, निघालं. "मशीन भंगार आहे की डॉक्टर?" असं तुम्ही विचारलंय.

पेशंटची फाइल मी इथे उघडणार नाही. तुम्ही स्वतः जेवढं लिहिलंय तेवढ्यावरच बोलतो.

आधी पैशाचं. ताजं रक्त साध्या सीटीत पांढरं दिसतं आणि डाय, म्हणजे रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून सोडतात ते औषध, तोही पांढराच दिसतो. आधीच डाय सोडला तर दिसतंय ते सांडलेलं रक्त की डाय, याचा घोळ होतो. म्हणून आधी प्लेन सीटी. त्यात रक्त दिसलं आणि पेशंट तरुण असला, तर ते कुठून आलं हे शोधायला हाताच्या शिरेतून डाय सोडून सीटी अँजिओ करतात. तपासण्या खरंच दोन आहेत. पण हे त्या वेळी तुम्हाला कुणी सांगितलं नाही. काउंटरवरून "अजून एक पावती करावी लागेल" एवढंच सांगितलं गेलं. भाऊ स्ट्रेचरवर तळमळतोय आणि समोरचा माणूस पावतीचं बोलतोय, म्हटल्यावर माझंही टाळकं सरकलं असतं. ही चूक आमची. परवापासून डोक्याच्या इमर्जन्सीत आधी स्कॅन, मग काउंटर, असं ठरवलंय.

पाण्याच्या बाबतीत मात्र मी त्या टेक्निशियन मुलीच्या बाजूने आहे. फिट येऊन गेलेला, गुंगीत असलेला माणूस पाणी गिळताना ठसकतो आणि ते थेट श्वासनलिकेत जाऊ शकतं. शिवाय अशा पेशंटला तासाभरात ऑपरेशनला घ्यावं लागलं तर पोट रिकामं लागतं. तिने ते प्रेमाने सांगायला हवं होतं, तेवढं तिला बोललोय.

एमआरआयचंही तसंच. हाताला किंवा पायाला मार लागला की तिथे सूज यायला जागा असते. कवटीला ती सोय नाही. आत मेंदू, वाहतं रक्त आणि मेंदूभोवतीचं पाणी, एवढ्यांनीच जागा भरलेली. त्यात कटिंग चहाच्या निम्म्याइतकं रक्त सांडलं, तर आधी ते पाणी खाली मणक्याकडे सरकून जागा करून देतं. ती सवलत संपली की मात्र दाब झपाट्याने चढतो. उलटी, सुस्ती, डोळ्यांपुढे अंधारी ही त्याचीच लक्षणं. अशा माणसाचं डोकं उशाकडून थोडं वर ठेवायचं असतं. एमआरआयला सपाट झोपवून अर्धा तास न हलता ठेवावं लागतं. सीटी काही मिनिटांत उरकतो. त्या रात्री मिनिटं मोलाची होती.

आता खरा मुद्दा, एव्हीएम. तुम्ही ऊसपट्ट्यातल्या, म्हणून पाण्याच्या भाषेत सांगतो. धरणाचं पाणी कालव्यातून वितरिकेत, तिथून चारीत, मग पाटाने वाफ्यात येतं. येता येता जोर ओसरतो. शरीरातही तेच. धमनीचं जोरदार रक्त केसासारख्या बारीक वाहिन्यांतून झिरपत शिरेत उतरतं. एव्हीएममध्ये मधल्या चाऱ्याच नसतात, नुसता वाहिन्यांचा गुंता असतो. म्हणजे कालवा थेट वाफ्यात फोडलेला. शिरेची भिंत पातळ, ती कधीतरी फुटते. ही कॅन्सरची गाठ नव्हे. बहुतेकांत हा दोष जन्मापासूनचा धरतात आणि पहिला त्रास होईपर्यंत अनेकदा विशी-तिशी उलटलेली असते.

मग आम्हाला तो का दिसला नाही? फुटल्यावर साचलेल्या रक्ताची गुठळी शेजारच्या गुंत्यालाच दाबून बसते. गुंता लहान असेल तर त्यात डाय शिरतच नाही, आणि जे भरलं नाही ते चित्रात येत नाही. दुसरं असं की आमचा सीटी अँजिओ म्हणजे जवळपास एका क्षणाचा फोटो. जांघेतून नळी घालून करतात ती डीएसए म्हणजे व्हिडिओ. डाय धमनीतून शिरेत वेळेआधी पोचताना त्यात डोळ्यांनी दिसतो, आणि एव्हीएमची खरी खूण तीच. म्हणून पहिल्या तपासणीत काही सापडलं नाही तरी गुठळी विरघळल्यावर, काही आठवड्यांनी, पुन्हा डीएसए करायला सांगतात. पुण्याला दोन महिन्यांनी ते दिसलं यात नवल नाही.

तुम्ही रिव्ह्यूत रिपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो टाकलाय. घरी दुसरं पान काढून शेवटची ओळ बघा. अशा रिपोर्टच्या शेवटी "गुठळी विरल्यावर डीएसए करावी" असा सल्ला मी घालतो. पण तो इंग्रजीत, बारीक टायपात, पान उलटल्यावर. तुमच्या आईंना किंवा तुम्हाला मराठीत बसून कुणी सांगितला का? मला वाटतं, नाही. तुम्ही धरलेली चूक ती नव्हती, ही होती, आणि ती मला जास्त लागली. यापुढे असा सल्ला मोठ्या अक्षरांत मराठीत पहिल्याच पानावर येईल.

तरीही "रेडिओलॉजिस्टच चुकला" ही शक्यता मी खोडून काढत नाही. मूळ फिल्म काढून मी पुन्हा बघितल्या, आणि पुण्याचा निकाल न सांगता एका ज्येष्ठ सहकाऱ्यालाही दाखवल्या. आम्हाला काय वाटलं ते समोर बसवून, फिल्म लावून सांगेन. चुकलो असेन तर सुधारित रिपोर्ट लेखी देईन आणि त्या तपासणीचे पैसे परत.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या "एव्हीएमला हात लावू नये" या मेसेजचं तुम्ही लिहिलंय. 2014 साली आलेल्या एका मोठ्या अभ्यासावरून तो निघाला असावा. तो अभ्यास न फुटलेल्या एव्हीएमचा होता. एकदा फुटलेल्याचा हिशोब वेगळा. एरवी दर वर्षी शंभरातल्या साधारण दोन ते चार जणांना रक्तस्राव होतो, आणि एकदा झाल्यावर पुढच्या काही महिन्यांत तो धोका वाढलेला असतो. ऑपरेशन, नळीतून गोंदासारखं औषध भरणं की गामा नाइफ (नेमक्या जागी किरण सोडणं), हे आकार, जागा आणि रक्त कुठल्या शिरेत उतरतं यावर न्यूरोसर्जन ठरवतील. गामा नाइफने गुंता बंद व्हायला दोन-तीन वर्षं लागतात, एवढं मात्र त्यांना आवर्जून विचारा.

दुपारी दोन ते चार मी निवांत असतो. येताना पुण्याची सीडी आणा, नुसता रिपोर्ट नको. रिव्ह्यू काढा असं म्हणत नाही, तारा एकच राहू द्या. फक्त त्या फोटोत भावाचं पूर्ण नाव आणि मोबाइल नंबर दिसतोय, तेवढं आजच झाका.