काटा मध्यावर, तरीही गिअरबॉक्स तापलेला: ऑटोमॅटिक कॅम्परविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

उन्हाळ्याच्या सुटीत वेरूळ-अजिंठ्याकडे निघणाऱ्या, राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या कॅम्पर गाड्यांच्या मालकांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. इंजिनाच्या तापमानाचा काटा मध्यावर असला की गिअरबॉक्सची काळजी नको, घाट चढताना गाडी ‘डी’मध्येच (ड्राइव्ह) राहू द्यावी, उतारावर न्यूट्रल करून गिअरबॉक्सला विश्रांती द्यावी, तापल्यास इंजिन लगेच बंद करून खालून पाणी मारावे आणि सीलबंद गिअरबॉक्सचे ऑइल कधीच बदलू नये, असे त्यात ठामपणे लिहिले आहे. यांतील एकही सल्ला जसाच्या तसा पाळू नये, आणि उतारावरचा सल्ला तर जिवावर बेतणारा आहे, म्हणून हे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

आपल्याकडच्या बऱ्याच कॅरव्हॅन ट्रॅव्हलर किंवा विंगर या व्हॅनच्या बांधणीवर, हाताने गिअर टाकण्याच्या आहेत. त्यांना पुढील चर्चा फारशी लागू होत नाही. हा प्रश्न टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची शक्ती ऑइलमार्फत गिअरबॉक्सकडे नेणारा भाग) असलेल्या ऑटोमॅटिक गाड्यांचा, म्हणजे हायलक्स किंवा व्ही-क्रॉससारख्या पिकअपच्या ऑटोमॅटिक आवृत्तीवर उभारलेल्या कॅम्परचा आहे.

इंजिनाचा काटा कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, तापमान दाखवतो, गिअरबॉक्समधील ऑइलचे नव्हे. शिवाय अनेक गाड्यांत तो मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. कूलंट बरेच अंश वर-खाली झाले तरी काटा मध्यावरून हलत नाही. गिअरबॉक्सचे ऑइल साधारण 80 ते 95 अंश सेल्सिअसला निरोगी राहते, आणि 120च्या पुढे ते सतत राहिले तर झपाट्याने खराब होते. हा आकडा कळण्यासाठी गाडीतील दोषनिदानाच्या (ओबीडी) सॉकेटला लावायचे, त्या गाडीचे गिअरबॉक्स तापमान वाचणारे उपकरण घ्यावे. चढ सुरू झाल्यावर तो काही मिनिटांत कसा वाढतो हे एकदा पाहिले की इंजिनाच्या काट्यावर कोणी विसंबणार नाही.

‘डी’मध्ये इंजिनाचे फेरे कमी राहतात म्हणून उष्णताही कमी, हा समज सर्वांत जास्त पसरलेला आहे आणि नुकसानही त्यानेच जास्त होते. गिअरबॉक्स तापण्याचे मुख्य कारण फेरे नसून टॉर्क कन्व्हर्टरमधील घसरण हे आहे. इंजिनाकडचा पंखा ऑइल ढकलतो, त्या ऑइलने दुसरा पंखा फिरतो, आणि दोघांच्या वेगात जेवढी तफावत तेवढी शक्ती वाया जाऊन ऑइलमध्ये उष्णता होऊन उतरते. समजा, इंजिन 60 किलोवॅट देत आहे आणि कन्व्हर्टर 80 टक्केच पुढे पोहोचवत आहे; उरलेले 12 किलोवॅट म्हणजे 2 किलोवॅटचे सहा गीझर त्या थोड्याशा ऑइलमध्ये एकाच वेळी चालू ठेवण्यासारखे आहे. लॉकअप क्लच, म्हणजे हे दोन्ही पंखे एकमेकांना घट्ट जोडणारा क्लच, बसला की ही घसरण जवळपास संपते. परंतु चाळीसगावहून कन्नडकडे औट्रम घाट चढताना किंवा बीडहून मांजरसुंब्याला जाताना, वरच्या गिअरमध्ये दमलेले इंजिन वारंवार लॉकअप सोडते आणि गिअर वर-खाली होत राहतात. अशा वेळी हाताने खालचा गिअर निवडून फेरे थोडे वाढू द्यावेत. लॉकअप बसला की नाही हे ओळखणे सोपे आहे: ॲक्सिलरेटर किंचित दाबल्यावर फेऱ्यांचा काटा एकदम उसळला आणि वेग मात्र तेवढाच राहिला, तर कन्व्हर्टर घसरत आहे, दोन्ही काटे एकत्र सरकले, तर लॉकअप बसलेला आहे.

ट्रकच्या मागे रांगत चढताना मात्र खालचा गिअरही पुरेसा ठरत नाही, कारण तेवढ्या कमी वेगात लॉकअप बसतच नाही आणि गिअरबॉक्सचे ऑइल थंड करणाऱ्या कूलरला वारा मिळत नाही. मे महिन्यात हवाच 42 अंशांची असते, हेही विसरू नये. म्हणून रेडिएटरमधील कूलरनंतर जोडलेला वेगळा कूलर स्वतःच्या विजेच्या पंख्यासह बसवावा, आणि शक्य असेल तर घाट पहाटे चढावा. पाण्याची 100 लिटरची टाकी म्हणजे 100 किलो वजन असते; ती चाळीसगावात न भरता कन्नडला भरावी.

न्यूट्रलच्या सल्ल्यात अर्धे तथ्य आहे. वाहतूक बराच वेळ खोळंबली असेल, तर ब्रेक दाबून ‘डी’मध्ये थांबल्याने कन्व्हर्टर तापत राहतो, तिथे हँडब्रेक लावून न्यूट्रल करणे योग्यच आहे. उतारावर मात्र न्यूट्रल कधीही करू नये. गिअरबॉक्समधील ऑइलचा पंप चाकांवर नव्हे, इंजिनावर चालतो; इंजिन आयडलवर आणि चाके वेगात, अशा स्थितीत आतील भागांना हवे तेवढे ऑइल मिळण्याची खात्री नसते, म्हणजे विश्रांतीऐवजी झीज होते. त्याहून गंभीर बाब अशी की इंजिनाचा अटकाव गेल्याने सगळा भार ब्रेकवर येतो, आणि दोन-तीन टनांच्या गाडीचे ब्रेक तापले की पायाखाली पेडल असूनही गाडी थांबत नाही.

तापलेल्या गाडीचे इंजिन बंद केले की पंप थांबतो आणि गरम ऑइल आहे तिथेच शिजत राहते. गाडी सुरक्षित जागी घेऊन ‘पी’मध्ये (पार्क), फेरे हजार-बाराशेवर ठेवून काही मिनिटे चालू द्यावी, म्हणजे ऑइल कूलरमधून फिरत राहते. पाणी मारल्याने आतले ऑइल लगेच थंड होत नाही. उलट तापलेल्या ॲल्युमिनियमच्या आवरणाला तडा जाण्याचा आणि ब्रीदरमधून, म्हणजे गिअरबॉक्सच्या हवा ये-जा करण्याच्या छिद्रातून, पाणी आत शिरण्याचा धोका असतो.

ऑइल आयुष्यभर चालते, हे हलक्या वापरापुरते मान्य करता येईल. परंतु घाट, ओझे आणि कडक उन्हाळा यांना अनेक कंपन्या आपल्या पुस्तिकेत अवघड वापर म्हणतात आणि त्यासाठी बदलाची मुदत कमी देतात. पांढऱ्या फडक्यावर थेंब घेऊन पाहावा: लाल ऑइल तपकिरी-काळे पडले असेल आणि जळकट वास येत असेल, तर ते तात्काळ बदलावे. नवे ऑइल पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचेच घ्यावे, आणि पातळी सांगितलेल्या तापमानालाच तपासून घ्यावी, कारण जास्त भरलेले ऑइल फेसाळते आणि फेसाळलेले ऑइल गिअरबॉक्सला पुन्हा तापवते.