सात वाजताचा मुहूर्त

ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डला जायचं म्हणजे पोटभर नाश्ता करून निघायचं, तिकीट काढायचं आणि दिसेल त्या पाळण्यात बसायचं, अशी माझी भाबडी समजूत. जावई म्हणाले, "बाबा, तसं आता कुणी जात नाही."

मग त्यांनी पुराणच लावलं. १९९९ साली इथे रांग चुकवायचा फास्टपास आला. यंत्रातून चिठ्ठी घ्यायची, सांगितल्या वेळी यायचं, तेही फुकट. २०२१ पासून रांग चुकवायचे पैसे पडू लागले. जुलै २०२४ पासून पैसे तर पडतातच, वर तीन पाळणे आधीच धरून ठेवायचे. डिस्नेच्या हॉटेलात उतरलेल्यांना सात दिवस आधी, बाहेर उतरलेल्यांना तीन दिवस आधी, सकाळी ठीक सात वाजता. आम्ही अर्थातच बाहेरचे. त्या दिवशी जावई आंघोळ उरकून, दोन फोन पुढ्यात घेऊन बसले होते. तत्काळ तिकिटं काढणाऱ्या घराण्यातला मुलगा. सात वाजून दोन मिनिटांनी 'पीटर पॅन'चा पाळणा खिशात!

इथवर सगळं ठीक होतं. पण प्रत्येक पाळण्याला तासाभराचीच मुदत. सगळा दिवस त्या तासांना टांगलेला. डिस्नेच्या मॅजिक किंगडम या बागेत सिंड्रेलाच्या किल्ल्यापुढे सौ.ने फोटोसाठी ओढणी सारखी केली, तोच जावई ओरडले, "आई, सव्वाअकरा!" फोटोत नुसता किल्ला आला. दशम्या आम्ही चालता चालता खाल्ल्या, चटणी कुठे सांडली ते बघायलाही थांबलो नाही. रांग वाचली हे खरं, पण रांगेत निदान उभं तरी राहायला मिळतं हो!

दारातल्या खांबावर फोन टेकवून हिरवा दिवा लागला, की पुढचा पाळणा धरायची मुभा. त्यामुळे जावयांनी सगळे पाळणे खाली मान घालूनच पाहिले. पीटर पॅनची होडी लंडनवरून उडते म्हणे; जावयांना विचारू नका. हाँटेड मॅन्शनच्या अंधारात भुतं बरी होती. घाबरलो ते फोनच्या उजेडातला जावयांचा चेहरा बघून.

दुपारी सौ.ने संप पुकारला. समोर 'कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस' होतं. १९६४च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनातला जुना खेळ. त्याला आरक्षण नाही. वीसेक मिनिटं थंडगार खोलीत खुर्चीवर बसायचं, खुर्च्यांसकट प्रेक्षागृहच फिरतं. दुसऱ्या प्रवेशात जावई घोरू लागले. त्यांचा फोन माझ्या हातात थरथरला: पुढच्या पाळण्याची वेळ सुरू झाली होती.

"अगं, उठवू का त्यांना?" मी जावयांकडे बोट दाखवलं.

"काही नको," सौ. चपला काढत म्हणाली, "आणि संपलं की परत याच रांगेत उभं करा आपल्याला."