सात पदार्थ म्हणजे सात कण? मग 'अभाव' कोणता कण?

लातूरला नीटची तयारी करणाऱ्या भाच्यानं रात्री अकराला मेसेज पाठवला. गावच्या ग्रुपवर आठवडाभर फिरतोय तोच. शास्त्रज्ञ ज्या 'सगळ्याच्या सिद्धांता'मागं लागलेत तो कणाद ऋषींनी कधीच मांडला, वैशेषिकांचे, म्हणजे कणादांच्या तत्त्वज्ञानाच्या शाखेचे, सात पदार्थ म्हणजेच विज्ञानाचे सात मूलकण, गुरुत्वाकर्षणही त्यांचंच, आणि आपली सगळी दर्शनं, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या शाखा, यावर एकमत आहेत. खाली त्याची ओळ: "मामा, मग हे फिजिक्स कशाला घोकायचं?" ग्रुपवर मी गप्प होतो. पण पोराच्या अभ्यासात हे घुसलं म्हटल्यावर लिहिणं आलं.

आधी ते सात कण. वैशेषिकातला पदार्थ म्हणजे पदाचा अर्थ. शब्दानं ज्याच्याविषयी बोलता येतं ते. द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष (वेगळेपण), समवाय (न तुटणारा संबंध), अभाव. कणादांच्या सूत्रात सहाच आहेत, अभाव नंतरच्यांनी वाढवला. कोनाड्यात तांब्या नाही, तर हे 'नसणं'ही कुठंतरी मांडायला हवं ना, म्हणून. आता हे नसणं कुठल्या यंत्रात सापडलं, तेवढं मेसेज लिहिणाऱ्यानं सांगावं! सामान्य म्हणजे गाईचं गाईपण. लाल कंधारी तांबडी, देवणी काळी-पांढरी, तरी दोघी गाईच, का? हा प्रश्न सूक्ष्मदर्शकाखाली सुटत नाही. भौतिकशास्त्राचा 'सगळ्याचा सिद्धांत' गुरुत्वाकर्षण आणि बाकीची तीन बलं एका सूत्रात बसवायला निघालाय. त्याच्या 'सगळ्या'त गाईपण येत नाही आणि कणादांच्या 'सगळ्या'त आकडेमोड येत नाही. दोन्हीकडं 'सगळं' हा शब्द तेवढा सारखा.

परमाणूचं थोडं मान्य करावं लागतं. अविभाज्य कण, दोघांचं द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचं त्र्यणुक. आणि हे त्र्यणुक म्हणजे कवडशात तरंगताना दिसणारी धूळ. आजोळच्या माळवदाच्या झरोक्यातून दुपारी उतरायची तीच. विचार झकास आहे. पण हिशेबानं त्या धुळीच्या कणात परमाणू भरतात सहा. आजच्या मोजणीत अब्जावधी.

गुरुत्वाचंही तसंच. 'संयोगाभावे गुरुत्वात् पतनम्', आधार सुटला की जडपणामुळं वस्तू पडते. सूत्र आहे, नाकारत नाही. मात्र हे गुरुत्व फक्त पृथ्वी आणि जल या दोन द्रव्यांत, आणि एका वस्तूनं दुसरीला ओढणं त्यात कुठंच नाही. चंद्र आणि झाडावरून पडणारं फळ एकाच गणितात 1687 साली न्यूटननं बसवलं.

राहिलं ते 'एकमत'. याचा मला खरा राग आला. ब्रह्मसूत्र हा वेदान्त या दुसऱ्या दर्शनाचा मूळ ग्रंथ, त्याच्या दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादावरचं शंकराचार्यांचं भाष्य उघडा. ते विचारतात, परमाणूला भागच नाहीत तर दोन परमाणू चिकटतात कसे? सर्वांगानं चिकटले तर एकात एक मुरून जातील, आकार वाढणारच नाही. एका बाजूनं चिकटले म्हणाल तर बाजू आली, म्हणजे भाग आले. भांडण असावं तर असं. पुढं तर ते वैशेषिकांना अर्धवैनाशिक म्हणतात, अर्धे बौद्धच जणू. हे एकमत?

भाच्याला एवढंच कळवलं की रोटेशनल मोशन राहिलंय ते आधी कर, कणाद सुट्टीत वाचू. ग्रुपवर हे टाकलं तर मला पूर्ण वैनाशिक ठरवतील. टाकतोच.