ढेकर कुणाचा? ‘तानपुरा’ यांना उत्तर

‘तानपुरा’साहेब,

माझ्या आवडत्या संगीताच्या यादीवर तुम्ही दिलेल्या प्रतिक्रियेबद्दल आभार. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं : रिमिक्सवाले दुसऱ्याच्या गाण्यावर पोट भरतात आणि मूळ कलाकाराला दमडी मिळत नाही, माझी यादी बहुतेक परदेशी आहे, चरणजित सिंग यांच्या अल्बमच्या पुनर्प्रकाशनाचं साल चुकलंय, आणि शेवटी, ‘लेखकाने यातलं काहीच शोधलेलं नाही. अल्गोरिदमने पानात वाढलं, ते जेवून इथे ढेकर दिला आहे.’

साल चुकलं, शंभर टक्के मान्य. २०१२ नव्हे, २०१०. दुरुस्त केलंय. चूक दाखवणाऱ्याचे आभार मानायला मला कमीपणा वाटत नाही.

आता ढेकर.

मतभेद असायला माझी हरकत नाही. पण टोपणनावाची चादर ओढून, ज्याला कधी भेटला नाहीत त्याच्या जेवणावर बोलायचं, ही कुठली रीत? ‘मला यादी पटली नाही’ एवढं म्हणालात तरी भागलं असतं. चार वाक्यांतली तीन मी विसरूनही जाईन. हे चौथं काल रात्री डोक्यात वाजत राहिलं, म्हणून एवढं लिहितोय.

मी डोंबिवलीचा. १९९४ साली बारावीत होतो. स्टेशनबाहेर एक काका कॅसेट भरून द्यायचे. वहीचा अर्धा कागद फाडून गाण्यांची यादी द्यायची, साठ मिनिटांची की नव्वदची ते सांगायचं आणि चार दिवसांनी जायचं. नव्वदची टेप पातळ, हमखास गुंतायची. मग पेन्सिल घालून गुंडाळत बसायचं. तर मुद्दा असा, की बाजू संपताना दोन-तीन मिनिटं उरायची आणि काका ती कोरी सोडायचे नाहीत. त्यांच्या मनाला येईल ते भरायचे, कागदावर त्याचं नाव नाही. एकदा असंच एक विचित्र गाणं आलं. गायक एका ओळीनंतर गायब, नुसता बास आणि झांजेचे घुमत जाणारे प्रतिध्वनी. टेप बिघडली समजून मी भांडायला गेलो. काका म्हणाले, ‘बिघडली नाही रे, असंच असतं ते. जमैकाचं आहे.’ त्या गाण्याचं नाव त्यांनाही माहीत नव्हतं. मला आजतागायत सापडलेलं नाही. पण त्याच्या मागे लागून मी किंग टबी या जमैकाच्या रिमिक्सवाल्यापर्यंत पोहोचलो. तेव्हा तुमचा अल्गोरिदम जन्मला होता का?

‘तिथेही काकांनीच वाढलं की’ असं म्हणाल. म्हणा.

आज मी कसा शोधतो तेही ऐका. बॅण्डकॅम्प या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळावर अल्बमच्या पानावर तो विकत घेणाऱ्यांची छोटी छोटी चित्रं असतात. एखादं दाबलं की त्या माणसाचा सगळा संग्रह उघडतो. ज्या माणसाने माझ्या आवडीचे तीन अडनिडे अल्बम पैसे देऊन घेतलेत, त्याचा चौथा मी डोळे मिटून ऐकतो. मग श्रेयनामावली : मिक्स कुणी केलं, मास्टरिंग (म्हणजे आवाजावरचा शेवटचा हात) कुणाचं, लेबल कुठलं. एका मास्टरिंगवाल्याच्या नावावरून मला अख्ख्या शहराचा आवाज सापडलाय. रात्रीचे दोन वाजतात आणि बायको दिवा बंद करून जाते. हे कष्ट तुमच्या पानात कोण वाढतं?

बरं, चरणजित सिंग मला यूट्यूबनेच दाखवले. लपवत नाही. हिंदी सिनेमात साथ करणारा वादक १९८२ साली रोलँड कंपनीची टीबी-३०३ (बास) आणि टीआर-८०८ (ड्रम) ही यंत्रं घेऊन बसतो आणि डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवतो. त्याच टीबी-३०३च्या आवाजावरचं शिकागोचं नाचाचं संगीत, ॲसिड हाऊस, त्यानंतर काही वर्षांनी आलं. आपल्याकडे कुणी फारशी दखल घेतली नाही. एडो बौमन या डच संग्राहकाने जुनी एलपी हुडकली आणि आपल्या ‘बॉम्बे कनेक्शन’ लेबलवर परत काढली, तेव्हा कुठे बोलबाला झाला. यूट्यूबवर मला ते भेटले त्याआधी एका माणसाने दुकानात धूळ झटकली होती. हाच तर माझा मुद्दा आहे! शेवटी माणूसच शोधतो. तुम्ही यादी वाचलीत, यादीच्या वरचा परिच्छेद वाचला नाहीत.

रिमिक्सवाल्यांच्या पोटाबद्दल थोडक्यात. टबी हा रेडिओ-ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा किंग्स्टनचा माणूस. बनी ली यांच्यासारखे निर्माते आपल्याच टेप त्याच्याकडे घेऊन यायचे, तो त्यातला गायकाचा आवाज वगळायचा, ठेका मोकळा सोडायचा. यात चोरी कुठे आली? वादकांना त्याचे वेगळे काय मिळाले, असं विचारालच. मोठा विषय आहे, कधीतरी स्वतंत्र लिहीन. अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा डीजे स्क्रू तर लोकांनी आणलेल्या यादीप्रमाणे गाणी संथ करून, ओळी चिरून-चिरून राखाडी कॅसेटवर भरून द्यायचा. घरापुढे गिऱ्हाइकांच्या गाड्यांची रांग लागायची. मला तर डोंबिवलीचे काकाच दिसतात. काकांनीही कुणा संगीतकाराला रॉयल्टी पाठवल्याचं माझ्या ऐकिवात नाही. त्यांना चोर म्हणायला जाणार आहात का?

परदेशी यादीबद्दल काय बोलावं! सातव्या क्रमांकावर मुंबईचा ‘स्वदेसी’ हा रॅप-गट आहे, त्यात एमसी मवाली मराठीत रॅप करतो. सातपर्यंत पोहोचला नसाल.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. पुढच्या वेळी ‘ढेकर’ न वापरता लिहिलीत तर इतकं लांब उत्तर येणार नाही. आणि ते जमैकाचं गाणं, एक ओळ आणि मग नुसता बास, तुम्हाला ओळखू आलं असेल तर राग बाजूला ठेवून तेवढं नाव कळवा.