पेपॅल का नाही आणि पैसे पोचायला चार दिवस का लागले?

नमस्कार,

"पेपॅल नाही, म्हणजे खरेदीचं संरक्षण नाही; बँकेतून पाठवलेले पैसे चार दिवसांनी पोचले, वर बँकेने नाव जुळत नसल्याचा इशारा दिला" अशी तुमची तक्रार आहे. आमच्या किराणा दुकानाच्या जर्मनीतल्या बऱ्याच ग्राहकांना हेच प्रश्न पडतात, म्हणून उत्तर इथेच सविस्तर देत आहोत.

भाजणी, गोडा मसाला, कोकम मिळून 18 युरोंची ऑर्डर धरा. पेपॅल विक्रेत्याकडून साधारण तीन टक्के घेतं, शिवाय दर व्यवहाराला 35-40 सेंट वेगळे. म्हणजे जवळपास 90 सेंट गेले. किराण्याच्या नफ्यात हे बसत नाही, मग भाव वाढवावे लागतात आणि ते सगळ्यांनाच भरावे लागतात. पेपॅलच्या 'फ्रेंड्स अँड फॅमिली'मधून (ओळखीच्यांना पैसे पाठवायचा पर्याय) दुकानाने पैसे घेणं नियमबाह्य आहे, त्यात तुमचं खरेदीचं संरक्षणही जातं. तसे पैसे आम्ही घेत नाही.

आता उशिराचं. साधी सेपा ट्रान्सफर (युरोपातल्या बँकांमधली युरोंची ट्रान्सफर) बँकेच्या कामाच्या दिवशीच पुढे सरकते. शुक्रवारी संध्याकाळी पाठवली तर सोमवार-मंगळवार उजाडतो. 'एख्टत्साइट' म्हणजे तत्काळ ट्रान्सफर मात्र रविवारीसुद्धा 10 सेकंदांत येते. 9 ऑक्टोबर 2025 पासून युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना ही सोय देणं बंधनकारक आहे, आणि तिला साध्या ट्रान्सफरपेक्षा जास्त शुल्क लावता येत नाही. काही ॲपमध्ये ते बटण स्वतः चालू करावं लागतं, तेवढं बघा.

पैसे आले तरी ते कोणाचे हे कळायला 'फेरवेंडुंग्सत्स्वेक'च्या (पैसे कशासाठी, याच्या) रकान्यात ऑर्डर नंबर लागतो. तिथे नुसतं "दिवाळी फराळ" लिहिलं की सिस्टीमला ऑर्डर सापडत नाही, आणि सारख्या रकमेच्या दोन ऑर्डर असल्या तर हाताने शोधताना आणखी एक दिवस जातो. सोपा उपाय म्हणजे इनव्हॉइसवरचा क्यूआर कोड. तो फोनच्या कॅमेऱ्याने नाही, बँकेच्या ॲपमधूनच स्कॅन करा. 22 अक्षरी आयबॅन (बँक खात्याचा क्रमांक), रक्कम, खातेदाराचं नाव, ऑर्डर नंबर, सगळं आपोआप भरलं जातं.

आता नावाचा इशारा. तुम्ही टाकलेलं नाव खातेदाराच्या नावाशी जुळतं का, ही बँकेची पडताळणीही 9 ऑक्टोबर 2025 पासूनच सुरू झाली. आमचं खातं दुकानाच्या नावाने नसून नोंदणीकृत कंपनीच्या नावाने आहे. इनव्हॉइसवर 'खातेदार' म्हणून छापलेलं नाव जसंच्या तसं टाका. "जवळपास जुळतं" असं आलं तर बँक खरं नाव दाखवते, ते इनव्हॉइसशी ताडून बघा. "जुळत नाही" आलं तर पैसे पाठवू नका, आधी फोन करा. हे कुठल्याही दुकानाच्या बाबतीत पाळा.

संरक्षणाचा तुमचा मुद्दा रास्त आहे. बँकेतून गेलेले पैसे आपल्या मर्जीने परत ओढता येत नाहीत. म्हणूनच दुसऱ्या ऑर्डरपासून आम्ही माल आधी पाठवतो, पैसे 14 दिवसांत द्यायचे.

भारतातून मुलांसाठी ऑर्डर देणाऱ्या पालकांना सेपा चालत नाही. स्विफ्टने (आंतरराष्ट्रीय बँक ट्रान्सफरने) पाठवलं तर तिथल्या बँकेचं शुल्क आणि मधल्या बँकेची कपात मिळून छोटी ऑर्डर परवडत नाही. त्यांना आम्ही कार्डाची लिंक देतो, पण 40 युरोंपासून पुढेच.

तुमच्या खात्यावर 'आउफ रेश्नुंग' (माल आधी, पैसे नंतर) सुरू केलं आहे. पुढच्या वेळी चेकआउटला तो पर्याय दिसेल.